एकशे एकाहत्तरावा दिवस

"दुसऱ्याचा पैसा आपल्या घरात एक रात्रसुद्धा झोपू द्यायचा नाही. एकदा झोपला की तो पाय पसरतो, आणि मग घरच्यांनाच उभं राहावं लागतं."

सासरे जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण त्यांचं हे सांगणं घरात अजून हिंडतंफिरतं होतं. मुलाच्या तर ते हाडीमासी खिळलं होतं. वाणी म्हणे, महिनाअखेरीला द्या की, पळून का जाताय? तर हा भरलेली पिशवी दुकानातच ठेवून घरी येई, पैसे घेऊन परत जाई आणि मगच पिशवीला हात लावी. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणत आणि त्याच्या बायकोला मिस्त्रीणबाई. तिला या सवयीचा कधी जाच वाटला नव्हता. नवरा पीत नाही, हात उगारत नाही, कुणाचं देणं ठेवत नाही, यापुढे देवाकडे आणखी मागायचं काय, असं ती सकाळच्या प्रार्थनेत स्वतःलाच समजावी.

पण मागायची वेळ आली. मिस्त्रीच्या कंपनीने नऊ वर्षं पगार वाढवला नव्हता, आणि आता तर ती कामं थोडी थोडी ठेकेदाराच्या पोरांना देऊ लागली होती. चव्वेचाळिशीच्या माणसाला दुसरी कंपनी दारात उभं करत नव्हती. लेक सातवीत, अभ्यासात हुशार. तेवढ्यात कळलं की समुद्रापलीकडच्या एका देशाला लिफ्टचे मिस्त्री हवे आहेत, आणि तेही दोन-चार वर्षांसाठी नव्हे, बायकामुलांसकट कायमचे. अटी तीनच होत्या. तिथल्या भाषेची परीक्षा पास व्हायची. वयाची पंचेचाळीस वर्षं पुरी व्हायच्या आत अर्ज पडायचा. आणि तिघांचा सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम बँकेत सलग एकशे ऐंशी दिवस असायला हवी, एक दिवसही त्याखाली उतरता कामा नये.

मिस्त्रीणबाई एका मोठ्या दवाखान्यात कपड्यांच्या कोठीवर होती. धुवायला गेलेल्या चादरी किती, आलेल्या किती, फाटलेल्या किती, हे मोजण्यात तिची चौदा वर्षं गेली होती. तिने एक वही घातली. विमानाची तिकिटं, अर्जाची फी, दाखल्यांची भाषांतरं, डॉक्टरांची तपासणी, तिथल्या थंडीचे कोट, पहिल्या खोलीचं भाडं आणि अनामत. एकेक आकडा तिने तीन-तीनदा विचारून लिहिला. कोट जुन्या बाजारातून आणले. मिस्त्रीचा कोट इतका मोठा निघाला की लेक म्हणाली, बाबा, यात आपण दोघं एका तिकिटात जाऊ.

मिस्त्री संध्याकाळी जेवून भाषा शिकायला बसे. त्याला पटापट येत ते शब्द सगळे लिफ्टमधले. वर, खाली, थांबा, दार सोडा, माणसं जास्त झाली. सासूबाई कौतुकाने ऐकत आणि म्हणत, "बाबा, त्या देशात लिफ्टच्या बाहेर पडू नकोस म्हणजे झालं." तरी तो पास झाला. काठावर, पण झाला.

वहीच्या पहिल्याच पानावर सगळ्यात वर मिस्त्रीणबाईने 'आई' असं लिहिलं होतं. त्यापुढे आकडा नव्हता, कारण त्या देशाच्या अर्जात आईसाठी रकानाच नव्हता. नवरा, बायको, मूल, बस्स. ते 'आई' कित्येक महिने तसंच राहिलं. ना खोडलं, ना भरलं.

शेवटी सासूबाईंनीच विषय काढला. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांची थोरली लेक राहायची, मिस्त्रीची बहीण. बोलायला फटकळ, पण आईला मागच्या खिडकीशी पलंग टाकून देईन म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "माझं काय, सामान आहे का मोठं? मी कुठेही मावते. तुम्ही जा. परदेशी गेलेल्या मुलाच्या आईला चारचौघांत मान असतो." आणि तोंड फिरवून कपाटातल्या लुगड्यांची घडी घालू लागल्या. घडी आधीच घातलेली होती.

त्या लेकीकडे राहायला गेल्या त्या दिवशी मिस्त्री कामावर थांबला, घरी आलाच नाही लवकर.

एकशे ऐंशी दिवस भरले. अर्ज पडला. अर्ज भरून देणारा सल्लागार भला माणूस, पण बोलण्यात सैल. म्हणाला, झालंच समजा, आता फक्त शिक्का. ते 'झालंच समजा' मिस्त्रीणबाईने वहीत खरं धरलं. तिची वही इतकी घट्ट बसवलेली होती की एक महिन्याचं जादा भाडंसुद्धा तिच्यात मावत नव्हतं. म्हणून तिने तिकिटं काढली, घरमालकाला घर सोडायची तारीख देऊन टाकली, दवाखान्यात राजीनामा दिला, मिस्त्रीलाही कंपनीत द्यायला लावला, आणि कपाट, पलंग, भांड्यांची मांडणी शेजाऱ्यांना सांगून ठेवली. कुणी पैसे दिले, कुणी नुसताच आशीर्वाद. वहीत सगळ्याला जागा होती, उशीर व्हायला तेवढी नव्हती.

मग सल्लागाराने बोलावून घेतलं. टेबलावर पत्र होतं. त्याने ते वाचून दाखवलं, मग आपल्या भाषेत सांगितलं, मग पाण्याचे पेले पुढे सरकवले. अर्ज फेटाळला होता. एकशे एकाहत्तराव्या दिवशी खात्यातली रक्कम ठरलेल्या रकमेच्या खाली गेली होती. थोडीच, पण खाली. दुसऱ्या दिवशी ती परत वर आली होती. नियमात 'एक दिवसही नाही' असं लिहिलेलं होतं, आणि त्यांनी ते जसंच्या तसं वाचलं होतं.

"चूक झालीय त्यांची," मिस्त्रीणबाई शांतपणे म्हणाली. "माझ्याकडे रोजच्या खर्चाचा हिशोब आहे. त्या खात्याला आम्ही हात लावलेला नाही."

मिस्त्री पत्राकडे पाहत होता. त्याचे कान लाल झाले होते. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. ते कान कशाने लाल होतात हे तिला ठाऊक होतं.

घरात आल्यावर त्याने कोपऱ्यातल्या लाकडी पेटीकडे बोट दाखवलं. हत्यारं न्यायला म्हणून त्याने सुताराकडून ती मापाने करून घेतली होती. सुतार ती पगार झाल्यावर देणार होता. हातचं दुसरं काम रद्द झालं म्हणून लवकर घेऊन आला, तेही पगाराच्या चार दिवस आधी. सुतार म्हणाला होता, राहू द्या हो, पगार झाला की द्या, मी कुठे जातोय.

"तो कुठे जात नव्हता," मिस्त्री म्हणाला, "पण आपण जाणार होतो ना. मला वाटलं, जाणाऱ्या माणसाने तर देणं मुळीच ठेवू नये. त्याच संध्याकाळी खात्यातून काढले. सकाळी जादा कामाचे रोख मिळाले ते लगेच भरले. एका रात्रीचा प्रश्न होता."

"मला सांगायचं होतं. मी शेजारून आणले असते."

"म्हणजे तेही रात्रभर दुसऱ्याचेच."

दुसरी एखादी असती तर तिने आकाशपाताळ एक केलं असतं. मिस्त्रीणबाई पेटीवर बसली. पेटी मजबूत होती, कुरकुरलीसुद्धा नाही. सुताराचं काम चोख होतं. तिच्या मनात एकच हिशोब फिरत होता. नव्याने एकशे ऐंशी दिवस भरायचे तर सहा महिने, आणि मिस्त्रीला पंचेचाळीस पुरी व्हायला उरले होते सव्वीस दिवस. तिने बोटांवर मोजून पाहायचा प्रयत्नही केला नाही. काही हिशोब मांडायच्या आधीच सुटलेले असतात.

"मी मुद्दाम नाही केलं गं," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

पुढचे पंधरा दिवस नुसते दारं वाजवण्यात गेले. घरमालकाने नव्या भाडेकरूकडून अनामत घेतली होती. तो हात जोडून म्हणाला, बाई, शब्द तुम्हीच दिला होता. कोठीवर दुसरी मुलगी लागली होती, आणि ती चादरी बरोबर मोजत होती. कपाट नेलेल्या शेजारणीने, परत हवंय का, असं विचारलं खरं, पण तोवर तिने त्यात आपले कपडे लावले होते. कंपनीने मिस्त्रीला परत घेतलं ते ठेकेदाराच्या हाताखाली, पाऊण पगारावर. दया म्हणून एक खोली दिली. आठ मजली इमारतीच्या तळाशी, रस्त्याला लागून, खिडकीबाहेर दिवसभर भोंगे आणि फेरीवाले. तिघांनी अंथरुणं घातली की दार उघडायला एकाला अंथरूण गुंडाळून उठावं लागे. साठवलेली रक्कम सल्लागाराची फी, परत न मिळणारी तिकिटं आणि लेकीची नवी शाळा यांत विरघळत चालली होती. कोट तेवढे खुंटीवर होते, तिघांचे तीन, माणसांसारखे.

नणंदेला कळवायचं राहिलं होतं. मिस्त्रीला ते होईना. मग एका दुपारी मिस्त्रीणबाईच गेली. बसमध्ये उभ्या उभ्या तिने एवढंच ठरवलं की सासूबाईंना परत न्यायचं. खोली लहान आहे, असू दे. त्याच म्हणाल्या होत्या ना, मी कुठेही मावते.

नणंदेने दार उघडलं, तिला पाहिलं, आणि बाहेर येऊन दार मागे ओढून घेतलं. दोघी जिन्यातच उभ्या राहिल्या. मिस्त्रीणबाईने सगळं सांगितलं. नणंदेने ऐकून कपाळाला हात लावला आणि आधी भावाला दोन शब्द सुनावले, सुतारालाही एक. मग तिचा आवाज खाली आला.

तिने सांगितलं ते असं. आई इथे आली ती पहिले आठ दिवस दाराशीच बसायची. कुणी जिना चढला की उठायची. जेवण पुढे ठेवलं की म्हणायची, थांब, अजून जायचेत ते, भेटायला येतील. ताप आला, खाणं सुटलं. मग ज्या तारखेची तिकिटं होती त्या दिवशी नणंदेने सांगून टाकलं की, आई, विमान गेलं, घाईत भेटायला जमलं नाही त्यांना, पोहोचले सुखरूप. आई रडली, झोपली, आणि दुसऱ्या दिवशी पोटभर जेवली. तेव्हापासून ठीक होती.

"मग आता खरं सांगू या, ताई. मी न्यायलाच आलेय."

"कुठे? रस्त्यावरच्या त्या खुराड्यात? न्हाणीघरात जायला तिला दोघांचा आधार लागतो आता. कोण देणार, तू? तू तर काम शोधत हिंडतेयस. आणि नाही नेलंस तर? नीट ऐक. मुलगा परदेशी गेला म्हणून मागे राहिलेली आई आहे ती, आणि त्यावर जगतेय. मुलगा याच शहरात आहे आणि तरी मी इथे आहे, हे कळलं तर ती चार दिवस काढायची नाही."

आतून आवाज आला. सासूबाई शेजारच्या बाईंशी बोलत होत्या. आवाज बारीक झाला होता, पण ठसका तोच. "तिकडे इमारती ढगांत जातात. माझा मुलगा नसेल तर सगळे साहेब लोक वरच अडकतील, खाली यायचेच नाहीत." शेजारीण काहीतरी म्हणाली. मग सासूबाई म्हणाल्या, "सून चांगली आहे हो. फोन नाही आला अजून. महाग असेल तिकडून."

मिस्त्रीणबाईने जिन्याचा कठडा धरला. चौदा वर्षं तिने एक चादर कमीजास्त सांगितली नव्हती. खोटं बोलायचं नाही हा तर तिचा रोजचा नेम होता, न बोलून दाखवलेला.

"दर रविवारी बाराला," नणंद म्हणाली. "माझ्या फोनवर कर, मी तिच्या कानाला लावते. त्याला बोलायला नको सांगूस, त्याचं खोटं फोनवरसुद्धा दिसेल. करशील? वचन दे मला."

तिने दिलं. सासूबाईंना न भेटता जिना उतरली. उतरताना चपला हातात घेतल्या होत्या, कारण तिच्या पावलांचा आवाज आत ओळखीचा होता.

रविवारी मिस्त्री दुसऱ्या इमारतीत कामावर गेला होता. लेक अभ्यासाला बसली होती, बाहेर फेरीवाला ओरडत होता आणि एक गाडी भोंगा दाबून उभी होती. या खोलीतून बोललं तर हे सगळं तिकडे ऐकू गेलं असतं, आणि सासूबाईंचे कान अजून तिखट होते. इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या यंत्राची खोली होती. रविवारी लिफ्ट दुपारपर्यंत देखभालीसाठी बंद असे, म्हणजे यंत्रही गप्प. जाड भिंती, खिडकी नाही. तिथे शहर पोहोचत नाही, असं मिस्त्रीच कधीतरी म्हणाला होता.

साडेअकराला तिने डोळे मिटून हात जोडले. काय मागावं ते सुचेना, म्हणून नुसतीच क्षमा मागितली. तिथे आता सकाळचे सात वाजले असतील, हे मनात दोनदा मोजलं. थंडी आहे म्हणायचं. ते कामावर गेलेत म्हणायचं. लेक शाळेत रमली म्हणायचं, तेवढं तरी थोडंफार खरं होतं.

"आई, कुठे चाललीस?" लेकीने वहीतून मान न काढता विचारलं.

"आजीला फोन करून येते," ती म्हणाली. खिळ्यावरची यंत्राच्या खोलीची किल्ली घेतली, फोन पदरात धरला, आणि आठ मजल्यांचा जिना सावकाश चढू लागली.