सवय

आरोहीने काचपट्टीवर ॲस्पार्टेटचा, जिवाणूंच्या आवडत्या अन्नाचा, थेंब सोडला आणि घाईने डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला. जिवाणू जागच्या जागी गिरक्याच घेत होते.

"लागले का सरळ पोहायला?" शेजारच्या टेबलावरून केयूरने विचारलं.

"अंहं."

साधा जिवाणू अन्नाचा माग लागला की सरळ पोहत सुटतो. मग त्याच्या प्रथिनांवर बारीक मिथिल गट चिकटत जातात, आहे तेवढ्या अन्नाची त्याला सवय होते आणि तो पुन्हा गिरकी घेऊन, आणखी जास्त कुठे आहे ते चाचपू लागतो. अन्न कमी झालं की हे गट गळून पडतात. आरोहीच्या जिवाणूंमध्ये ते गट सोडवणारं विकर, म्हणजे एन्झाइमच, नव्हतं. त्यांची सवय सुटत नव्हती. थेंब वाढवला तर ते सरळ पोहतील का, एवढंच तिला बघायचं होतं.

फोन थरथरला. शेजारच्या बेबीमावशी होत्या.

"आरोही, तुझी आई घरात न्हाय बघ. दार उघडं टाकून गेलीया. स्टँडकडं जाताना दिसली म्हणं."

कुठली गाडी, हे आरोहीला विचारावं लागलं नाही. "केयूर, एवढं बघशील?" म्हणत ती निघालीच.

दिवाळीनंतर वडील गेले, तेव्हा तिने आईला, रुक्माबाईला, निपाणीहून बेळगावला आपल्याकडे आणलं होतं. जन्मभर विड्या वळून आईला खोकला जडलेला. आता तरी ती निवांत बसेल, असं आरोहीला वाटलं होतं. खोकला थांबला, पण रुक्माबाई बसली नाही. खिडकीशी जायची, परत यायची, पुसलेला ओटा पुन्हा पुसायची. टीव्हीसमोर बसली तरी बोटं पदराचं टोक वळत राहायची.

निपाणीच्या गाडीत आरोही रागाची वाक्यं जुळवत होती. संकेश्वर मागं पडलं तशी ती एकेक करून गळाली. नुसती धास्ती उरली.

आई जयाबाईच्या घरी असणार, हे तिला ठाऊक होतं. दोघींनी जोडीनं विड्या वळण्यात उमर घालवली होती. जयाबाई आत सुपात पानं घेऊन बसली होती. रुक्माबाई मात्र बाहेर पायरीवर होती. पदर नाकाला लावलेला.

"बघ की गं," जयाबाई आतून म्हणाली, "आल्यापास्नं बाहीरच बसलीया. आत ये म्हटलं तर येईना."

आरोही आईशेजारी टेकली.

"काय झालं?"

रुक्माबाईने तिच्याकडे पाहिलं नाही.

"वास येतोय गं. लई."

"तंबाखूचा?"

"सगळा जन्म ह्यात गेला. कधी आला न्हवता." तिचा आवाज बारीक झाला. "तिकडं जीव रमंना, म्हणून आले. आता हितं बी बसवंना. म्या जावं तरी कुठं?"

"कसला वास?" जयाबाई हसली. "मला तर काय बी येत न्हाय बाई."

आरोहीने आईचा हात हातात घेतला. बोटांवरचे जुने घट्टे मऊ पडले होते. चल घरी, एवढंच म्हणायचं होतं. आई उठलीही असती. तंबाखूपासून लांब ठेवा, असं डॉक्टरांनी तर बजावूनच सांगितलं होतं. पण खिडकीशी जाऊन परत येणारी आई तिला आठवली.

"जाईल," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"वास. चार दिवस इथं राहिलीस, की येणार नाही."

"खरं?"

"खरं."

रुक्माबाईने तिच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठली. उंबऱ्यात क्षणभर अडखळली, खोकली आणि पदर नाकाशी तसाच धरून आत गेली.

"सरक की वाईच," तिचा आवाज आला.

जयाबाईने सूप ओढल्याची खरखर ऐकू आली. आरोही पायरीवरच बसून राहिली.