जिभेखालची वडी

रेणापूरच्या अलीकडं, सोयाबीनच्या रानात, पत्र्याचं एक मोठं शेड आहे. गुरुवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते. नायगावहून जीप भरून, अहमदपूरहून एसटीनं, उदगीरकडून कन्नड बोलणाऱ्या बायका. ज्याच्या त्याच्या कपाळाला घट्ट फडकं बांधलेलं. सगळी अर्धशिशीची माणसं. पहाटे उपाशीपोटी जिलेबी खाऊन झाली, नाकात तूप सोडून झालं, आता मौनी महाराज.

महाराज बाजेवर डोळे मिटून बसलेले. कित्येक वर्षं बोलले नाहीत म्हणे. बोलायचं खातं शिष्य रामकिशनकडं, आणि त्याच्या तोंडापुढून माइक काही हलत नव्हता.

"माउल्यांनो! माणसाच्या जिभेखाली पाताळ असतंय! त्या पाताळात डोकेदुखीचा नाग बसलाय! डॉक्टर लोकं वरून गोळ्या टाकत्यात अन् नाग खाली हसून राहिलाय! महाराजांची वडी थेट पाताळात जाती! वडी जिभेखाली ठेवायची अन् मौन धरायचं. बोलला तो बुडाला! गिळली त्यानं शेण खाल्लं!"

लोक वडी ठेवत, डोळे मिटत, आणि बऱ्याच वेळानं का होईना, कपाळाची फडकी खरोखर सुटत. एक बाई तर हसता हसता रडायला लागली. खोटं कशाला सांगू? डोकी उतरत होती, मी डोळ्यांनी पाहिलं.

मी सुगत, अहमदपूरला दातांचा डॉक्टर. असले महाराज इतके पाहिलेत की आता राग येत नाही, जांभई येते. अंगात येणाऱ्या झाल्या, गुप्तधनवाले झाले. एकाला उघडं पाडावं, तर पुढच्या गावात दुसरा मांडव घालून तयार. त्या दिवशी मी भांडायला गेलोच नव्हतो. मला फक्त वडीत काय आहे ते हवं होतं, आणि ते ताबडतोब हवं होतं. माझी धाकटी बहीण विशाखा लातूरच्या दवाखान्यात होती आणि तिची बोटं काळी पडायला लागली होती.

विशाखा ब्लाउज शिवते. तिच्या हातच्या फिटिंगला गावात तोड नाही. आदल्या दिवशी मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली आणि तिला कळलंच नाही. कापडावर रक्त दिसलं तेव्हा ओरडली. मी हात धरला तर गार बर्फ. मनगटावर नाडी शोधली, सापडेना. तसंच लातूरला नेलं. तिथल्या डॉक्टर अफसाना माझ्या जुन्या ओळखीच्या. त्यांनी बोटं पाहिली आणि विचारलं, "काय काय औषधं चालू आहेत?"

"अक्कलदाढेसाठी मी दिलेलं एरिथ्रोमायसिन," मी म्हणालो. "दुसरं काही नाही. देताना मी विचारलं होतं."

खरंच विचारलं होतं. "न्हाई दादा, कसलंच औषध न्हाई," असं ती म्हणाली होती.

अफसाना तिच्या उशाशी बसल्या. "बेटा, औषधाचं राहू दे. तोंडात आणखी काय काय जातं? सुपारी, मिस्री, अंगारा, प्रसाद?"

विशाखानं माझ्याकडं चोरून पाहिलं. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत, आणि तिला त्या माझ्यापेक्षा चांगल्या पाठ आहेत.

"अर्धशिशी उठली की मौनी महाराजांची वडी घेते," ती म्हणाली. "आधी कधीमधी घ्यायची, आता रोजच लागती. पण दादा, हात न्हाई जोडले मी कुणाला. अन् ते औषध थोडंच हाय? प्रसाद हाय तो."

झालं! मी औषध विचारलं, तिनं औषधाचंच उत्तर दिलं. ती खोटं बोललीच नव्हती. तिच्यावर चिडावं की आपणच रडावं, मला कळेना.

अफसाना मला बाहेर घेऊन आल्या. "मला एका औषधाचा शक आहे. उपचार सुरू करते, पण वडीत नेमकं काय आहे ते कळलं पाहिजे. जल्दी करा, डॉक्टरसाब. बोटं थांबणार नाहीत."

म्हणून मी त्या रांगेत उभा होतो.

माझी पाळी आली. "काय घालता हो वडीत?" मी रामकिशनला विचारलं.

"खडीसाखर, कापूर अन् महाराजांचा श्वास!" तो माइकवरूनच ओरडला.

"माझी बहीण आजारी आहे. खरं सांगा."

"श्रद्धा कमी पडली असंल!"

"म्हणजे वडीनं अपाय होत नाही?"

"प्रसादानं कुणाचं वाईट झालंय का, सायब? मूठभर खावा!"

मला एकदम फार थकल्यासारखं झालं. वाद घालायची ताकदच नव्हती. मी परातीत हात घातला, मूठभर वड्या उचलल्या आणि तोंडाकडं नेल्या.

"आरं थांब! एवढ्या न्हाई! हातपाय सडतील तुझे!"

आवाज बाजेवरून आला होता. सगळ्या माना बाजेकडं वळल्या. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "आगं बया! महाराज बोलले की!"

"आता बोललातच तर पुरतं बोला," मी मूठ तशीच धरून म्हणालो. "काय आहे यात?"

महाराजांना दरदरून घाम फुटला. भर शेडात माणूस मेला तर पुढं काय होईल, एवढं त्यांना समजत होतं. "अर्गोटामाइन," ते पुटपुटले. "अर्धशिशीच्या गोळ्या. ह्यो रामकिशन कुटून साखरेत घालतो. आधी मेडिकलवर होता."

मी अफसानांना फोन लावला, नाव सांगितलं. "तेच! मला तोच शक होता," त्या म्हणाल्या. नर्सला भराभर सूचना देताना त्यांचा आवाज ऐकू आला. मग विचारलं, "तिथं लोक आहेत ना? मला बोलू द्या."

मी रामकिशनच्या हातातून माइक घेतला आणि फोनचा स्पीकर चालू करून तो माइकपुढं धरला.

"ऐका," अफसाना म्हणाल्या. "हे औषध डोक्यातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून ठणका उतरतो. जिभेखालची त्वचा पातळ, तिथून ते रक्तात जातं. बोललात की लाळेसोबत गिळलं जातं, म्हणून मौन. बाकी नाग-बिग काही नाही. पण हेच औषध बोटांच्याही रक्तवाहिन्या आवळतं. आमच्या पेशंटची दाताची गोळी चालू होती, तिच्यामुळं हे अंगातून बाहेर पडेना, साठत गेलं."

पार्वतीबाई नावाची एक बाई पुढं सरकली. "मला बीपी हाय. म्या घेतली तर चालंल का?"

"अजिबात नाही. बीपी, हृदयाचा आजार, पोटात बाळ, अंगावर पिणारं लेकरू, असं काही असेल तर हे तोंडात घालायचंच नाही."

"पण न्हाई घेतली की दुसऱ्या दिशी जास्तीच दुखतंय. महाराजांचा कोप म्हणत्यात."

"कोप नाही, माय. रोज घेतलं की औषधच डोकेदुखी लावतं. जिभेखाली ठेवायची औषधं खरीच असतात. पण डॉक्टरनं तपासून चिठ्ठी द्यायची, फार्मासिस्टनं मापून बनवायची, डबीवर नाव, मात्रा, तारीख पाहिजे. दुखायला लागलं की सांगितली तेवढीच घ्यायची, विरघळेपर्यंत पाणी नाही, चहा नाही. उतार पडला नाही म्हणून मनानं दुसरी नाही. आठवड्यात दोन दिवसांच्या वर नाही. खलबत्त्यात कुटलेल्या एका वडीत काहीच नसेल अन् दुसरीत दुप्पट. बोटांना मुंग्या आल्या, गार पडली, तर पळत दवाखान्यात या."

फोन बंद झाला. मागच्या अंगानं निघालेल्या रामकिशनला दोघा-चौघांनी धरून ठेवलं, मी पोलिसांना कळवलं. वाटलं, आता तरी लोक चिडतील. कसलं काय! कपाळाला फडकं बांधलेला एक जण अदबीनं जवळ आला. "सायब, ते अर्गो का फर्गो, चिठ्ठीवर लिहून देता का? मेडिकलवर भेटंल ना?"

मी कपाळावर हात मारला. त्याला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. बाबांनो, डोकं दुखतं म्हणून ते कुणाच्या पायाशी काढून ठेवू नका. तोंडात काय घालताय त्याचं नाव विचारा. नाव सांगत नसेल त्याची गोळी घेऊ नका, मग तो भगव्या कपड्यात असो की पांढऱ्या कोटात. आणि डॉक्टरला सगळं सांगा. अंगारा, काढा, वडी, सगळं. ऐकून डॉक्टर हसला तर हसू द्या.

लातूरला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. विशाखाच्या हाताला सलाईन लावलेलं, बोटं अजून निळीकाळी. करंगळीचं टोक बहुतेक जाईल, असं अफसाना म्हणाल्या. बाकीच्या बोटांत रक्त परत येतंय का, याची वाट पाहायची. मी खुर्चीत बसून वाट पाहू लागलो. असा किती वेळ गेला कोण जाणे, आणि ती किंचाळली.

"दादा! बोटं दुखून राहिली! लई दुखून राहिली, आई गं!"

मी दात काढतो, दाढा भरतो. माणसाचं दुखणं थांबवणं हाच माझा धंदा. त्या संध्याकाळी दुखणं ऐकून मी तिच्या खाटेला धरून ढसाढसा रडलो.

"दुखू दे गं," मी म्हणालो. "चांगलं दुखू दे."