कमलताईंचं बोलावणं

अक्षदाने खुर्च्या दुसऱ्यांदा मोजल्या. प्लास्टिकच्या बावीस, लाकडी हातांची एक. मग वाद्यं मोजली. अकरा व्हायोलिन, चार मेंडोलिन, तीन बासऱ्या, एक हार्मोनियम, एक चेलो, एक बोंगो आणि ज्याच्या दोन पट्ट्या दाबल्या की वरच येत नाहीत असा एक अकॉर्डियन. तबलजी दोघे, ते बाकावर बसत. क्लॅरिनेट एकही नव्हतं.

तिच्या हातातल्या फोटोत मात्र ते होतं. फोटो १९६१ सालचा, लालबागच्या मैदानातल्या कार्यक्रमाचा. तेवीस माणसं, खाली बावीस नावं. मागच्या रांगेतला, नुकतं मिसरूड फुटलेला, क्लॅरिनेट छातीशी धरून उभा असलेला मुलगा बिननावाचा होता.

गिरणगाव हौशी वाद्यवृंदाला पंचाहत्तर वर्षं होत होती आणि स्मरणिकेतला इतिहास लिहायचं काम अक्षदाच्या गळ्यात पडलं होतं. ती मेंडोलिन घेऊन इथे येऊन जेमतेम आठ महिने झाले होते; पण ती एम.एस्सी. होती, अक्षर नीट होतं, आणि नाही म्हणायला अजून शिकली नव्हती. दर रविवारी सकाळी परळच्या या शाळेच्या सभागृहात तालीम चाले. कधीकाळी गिरणीची पाळी संपवून लोक इथे यायचे. आता बँकेतले, विम्यातले, कॉम्प्युटरवाले येत. पहिल्या पिढीतल्या एकट्या कमलताई उरल्या होत्या. वय एकशे दोन. नवरा, दोन मुलगे, तीन संगीत संयोजक आणि यच्चयावत गिरण्या त्यांच्याआधी गेल्या होत्या.

कमलताई आल्या की सगळे उभे राहत. लाकडी खुर्चीत त्या वादकांकडे तोंड करून बसत. आता खुंट्या पिळायला त्यांच्या बोटांत जोर नव्हता, म्हणून संयोजक प्रफुल्लकाका त्यांचं व्हायोलिन आधीच मिळवून ठेवायचे. ताई एका तारेवरून गज ओढत, आणि सगळा वाद्यवृंद त्या सुरात आपापली वाद्यं लावून घेई. तालीम सुरू झाली की गज मांडीवर आडवा. मधेच तो उचलला जाई आणि कुणावर तरी रोखला जाई. ज्याच्यावर रोखला तो बेसूर. त्याने वाद्य पेटीत ठेवायचं आणि बाहेर जायचं. कमलताई नावाने बोलावतील तेव्हाच परत यायचं. एक रविवार, फार तर तीन. लोकांना याचा राग येत नसे. प्रफुल्लकाका आपण चारदा बाहेर गेल्याचं पाहुण्यांना कौतुकाने सांगत.

त्या दिवशी तालीम संपल्यावर अक्षदा फोटो घेऊन ताईंच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"ताई, हा मुलगा कोण?"

ताई हलल्या नाहीत. प्रफुल्लकाकांनी अक्षदाला दंड धरून पुढे आणलं.

"समोर येऊन बोलावं," ताई म्हणाल्या. "पाठीमागून बोलणाऱ्याला मी उत्तर देत नसते."

अक्षदाने बोटाने दाखवत पुन्हा विचारलं. ताईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"तांडेल. धर्मा तांडेल. शिवडीच्या कोळीवाड्यातला. लग्नाच्या बँडमधून उचलून आणला होता मी."

"मग खाली नाव का नाही?"

"तो बाहेर आहे," ताई म्हणाल्या.

*

शिवडीत घर शोधायला वेळ लागला नाही. ओट्यावर एक बाई कोळंबी सोलत बसली होती. अक्षदाने धर्मा तांडेलांचं नाव सांगताच तिने हात न थांबवता आत हाक मारली.

"मामंजी, कुणी पोरगी आली, बाजाची. पेपरवाली दिसते." मग अक्षदाकडे बघून म्हणाली, "मी मंजुळा, सून त्यांची. बस बाय. वास येईल हां, सांगून ठेवते."

धर्मा तांडेल बाहेर आले. त्र्याऐंशीचे असतील, पण पाठ ताठ. त्यांनी अक्षदाकडे पाहिलं आणि बसायच्याही आधी विचारलं,

"तिनी बोलावलं?"

"नाही. मी इतिहास लिहितेय."

"हां." ते बसले. "मग लिव."

त्यांनी सगळं सरळ सांगितलं. एकोणीस वर्षांचे होते. कार्यक्रमातली चौथी धून, भूपातली, त्यात क्लॅरिनेट एकटं वाजायचं. मैदान भरलेलं. लोकांनी पुन्हा म्हणून ओरडा केला, त्यांनी पुन्हा सुरू केलं, आणि ताईंचा गज वर आला. भरल्या मैदानासमोर त्यांनी क्लॅरिनेटचे तुकडे सोडवले, पेटीत ठेवले आणि ते मंचावरून खाली उतरले.

"बेसूर होतं?"

"असणारच. तिचा कान खोटा नाय बोलत. मला तेव्हा कळलं नाय, म्हणजे माझाच कान कच्चा."

"आणि मग?"

"मग काय. बोलावायची वाट."

"चौसष्ट वर्षं?"

"बाहेर असताना दुसरीकडं वाजवायचं नाय, असा नियम होता त्यांचा. बँड सोडला. गोदीत लागलो."

"सोडला म्हणजे काय," मंजुळा म्हणाली. "सवताच्या लग्नात भाड्याचा बाजा आणला यांनी. पोराच्या लग्नात सगळा कोळीवाडा पाया पडला, दोन मिनिटं वाजवा म्हणून. नाय म्हंजे नाय. आणि रोज दुपारी दार लावून पूं पूं चालूच. आमची मांजर पण कंटाळून शेजारी राहायला गेली."

"रियाज चालतो," धर्मा म्हणाले. "रियाजाला बंदी नाय."

त्यांनी वाद्य दाखवलं. लाकडाला तेल दिलेलं, चाव्या चकचकीत. ओठांशी धरायची पत्ती नवी होती.

"पोरी, इतिहासात माझं नाव नको घालू," ते अक्षदाला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आले तेव्हा म्हणाले. "तिला एवढंच सांग, बोलव म्हणावं. ती एकशे दोनची. मी पण काय फार राहिलो नाय. दोघांतला एक गेला, की मी बाहेरच राहिलो ना मग."

*

दुसऱ्या दिवशी अक्षदाने प्रफुल्लकाकांना फोन करून तो नियम विचारला. ते हसले.

"दुसरीकडे वाजवायचं नाही? अगं, तो केव्हाच काढून टाकला. सत्तर-एकाहत्तरला. सगळेच लग्नाकार्यात वाजवायचे, कुणाकुणाला अडवणार?"

"धर्मा तांडेलांना कुणी सांगितलं नाही?"

"त्याला कोण सांगणार? तो बाहेर होता ना."

त्या संध्याकाळी ती लालबागला कमलताईंच्या खोलीवर गेली. दार सताड उघडं होतं. ताई खिडकीशी बसून खालची वर्दळ बघत होत्या. अक्षदा त्यांच्यासमोर, उजेडात बसली, तेव्हा त्यांनी मान वळवून तिच्या तोंडाकडे टक लावली. त्यांची ती नजर अक्षदाला कधीच सोसवत नसे. आपण बोलायच्या आत आपलं खोटं पकडलं जाईल असं वाटे.

तिने सगळं सांगितलं. बँड, गोदी, भाड्याचा बाजा, बंद दार. ताईंनी मधे एकदाही तोडलं नाही.

"त्याचे ओठ चांगले होते," शेवटी त्या म्हणाल्या. "वाजवायचाही बरा."

"मग बाहेर का काढलंत?"

"माझ्याकडे न बघता पुन्हा सुरू केलं त्याने. लोक म्हणाले म्हणून."

"बेसूर नव्हता?"

"तू आत्ताच आलीयेस," ताई म्हणाल्या. "हळूहळू कळेल."

अक्षदाने तरी विचारलंच.

"परत का नाही बोलावलंत?"

ताईंनी आठवून पाहिलं. खरोखरच आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या, डोळे क्षणभर मिटले.

"राहून गेलं," त्या म्हणाल्या.

मग चहाचा कप पुढे सरकवावा तितक्या सहज म्हणाल्या, "येऊ दे रविवारी. सांग, कमलताईंनी बोलावलंय."

*

रविवारी अक्षदाने तेविसावी प्लास्टिकची खुर्ची मांडली. धर्मा तांडेल सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, आणि कवळी घट्ट बसावी म्हणून ते सारखा जबडा दाबून बघत होते. मंजुळा मागे भिंतीला टेकून उभी होती. पुढच्या रांगेतली व्हायोलिनवाली अनुजा अक्षदाच्या कानाशी लागली, "हेच का ते? शप्पथ, मला वाटलं ही प्रफुल्लकाकांची थाप आहे."

कमलताई आल्या. सगळे उभे राहिले. ताईंनी मागच्या रांगेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "धर्मा तांडेल, आत ये."

ते आतच होते. तरीही उठून दारापर्यंत गेले, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि पुन्हा आत आले. कुणी हसलं नाही.

ताईंनी गज ओढला. सगळ्यांनी सूर लावून घेतला. क्लॅरिनेटचा सूर त्यात असा मिसळला की अक्षदाला तो वेगळा काढता येईना.

भूपातली धून निघाली. पहिली दोन आवर्तनं सगळे मिळून, मग बाकीच्यांनी हळू साथ करायची आणि क्लॅरिनेटने एकट्याने वर जायचं. गेली कित्येक वर्षं ही जागा बासरी भरून काढत होती. धर्मा उभे राहिले.

पहिल्या ओळीलाच अक्षदाने मान वर केली. आवाज म्हाताऱ्या माणसाचा नव्हता, आणि पोराचाही नव्हता. चौसष्ट वर्षं एकाच ओळीवरून हात फिरवला तर ती जशी होईल तशी ती झाली होती. कुठे दाखवणं नाही, कुठे घाई नाही. दुसऱ्या ओळीला तबला अडखळून थांबला. मितेशने, त्या तबलजीने, दोन्ही तळवे शाईवर नुसते ठेवून दिले. बासऱ्या खाली आल्या. अनुजाने आपला गज मांडीवर ठेवला. चेलोवाल्या वैभवने मान खाली घातली. अक्षदाला कळलं तेव्हा मेंडोलिनवरचा तिचाही हात केव्हाचा थांबला होता. साथ करायची असते हे कुणाला आठवलंच नाही. सभागृहात एकटं क्लॅरिनेट चाललं होतं.

कमलताईंची नजर रांगांवरून फिरली. थांबलेले गज, थांबलेले हात, खाली गेलेल्या माना. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग त्यांनी मांडीवरचा गज उचलला आणि धर्मावर रोखला.

ओळ अर्ध्यात तुटली.

अनुजाचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. धर्मांनी क्लॅरिनेटचे तुकडे सोडवले, एकेक पुसला, पेटीत ठेवला. खटके लागल्याचे दोन आवाज आले.

"चढलं असेल," जाता जाता ते अक्षदाला हळूच म्हणाले. "वाद्य तापलं की सूर चढतो. बसवतो अजून."

"आजोबा, तुम्ही..."

"किती रविवार, ते तेवढं इचारून ठेव."

मंजुळाने त्यांच्या हातातून पेटी घ्यायला पाहिलं. त्यांनी दिली नाही. दारात ती वळली आणि पदराने हात पुसत लाकडी खुर्चीकडे बघून म्हणाली, "म्हातारे, तुला यम पण बोलवायचा विसरला." कमलताई तिच्याकडे बघत नव्हत्या.

दारापाशी प्रफुल्लकाकांनी अक्षदाला गाठलं. त्यांचे डोळे ओले होते.

"पाहिलंस? आपल्याला एकालाही कळलं नाही कुठे चुकलं. आपण वेडे, ऐकत बसलो. याला कान म्हणतात. एकशे दोन वर्षांचा. तुझ्या कंपनीत ती कान तपासायची यंत्रं असतात ना? माप घे ताईंचं. स्मरणिकेत पहिल्या पानावर छापू."

*

यंत्र होतं. इस्पितळांतली श्रवणमापक यंत्रं बरोबर मोजतात की नाही हे पाहणं, हीच अक्षदाची नोकरी होती. ती यंत्रं तपासत असे, माणसं नाही. तरी पद्धत तिला पाठ होती. बुधवारी तिने ते लालबागच्या खोलीत टेबलावर मांडलं, दारं-खिडक्या लावल्या, ताईंच्या कानांवर हेडफोन चढवले आणि त्यांच्या हातात बटण दिलं.

"आवाज आला की दाबायचं," ती त्यांच्यासमोर बसून म्हणाली.

ताईंनी मान डोलावली आणि तिच्या बोटांकडे पाहू लागल्या.

अक्षदाने सूर सोडला. ताईंनी बटण दाबलं. आवाज कमी केला, दाबलं. आणखी कमी केला, दाबलं. सगळ्या पट्ट्यांवर, अगदी आठ हजार हर्ट्झलाही, वीस डेसिबलपर्यंत. दहा वर्षांच्या मुलाचे कान असे असतात. अक्षदाला वाटलं, यंत्र बिघडलं. खात्री करायला तिने हेडफोनची वायर यंत्रातून उपसली आणि कळ दाबली.

ताईंनी बटण दाबलं.

अक्षदाने पुन्हा कळ दाबली. ताईंनी पुन्हा बटण दाबलं, आणि बरोबर आलं ना, अशा अर्थाने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

अक्षदाने वायर जागेवर बसवली. टेबलावरचा चहाचा ट्रे उभा करून आपल्या हातांच्या आणि ताईंच्या मधे ठेवला. वीसपासून सुरुवात करून ती पाच-पाचने वर गेली. ट्रेच्या पलीकडे ताई बटणावर अंगठा ठेवून बसल्या होत्या. यंत्राची मर्यादा आली तेव्हा तिने तोच सूर तीनदा सोडला, मग दुसऱ्या कानाला तेच सगळं पहिल्यापासून केलं.

उजवा कान, एक हजार हर्ट्झ, शंभर डेसिबल: प्रतिसाद नाही. डावा कान, एक हजार हर्ट्झ, शंभर डेसिबल: प्रतिसाद नाही.