गळ्याजवळची गुंडी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी गुंडी आहे. पिंगळीच्या किशनरावांच्या शेरवानीवर खालच्या पाचजणींनी पोट सांभाळायचं आणि मी गळा, अशी आमची वाटणी होती. परभणीच्या चंद्रभान शिंप्यानं मला दुहेरी दोऱ्यानं शिवलं, तेव्हा निजामाचा अंमल होता. कचेरीत गळा उघडा ठेवून साहेबापुढं जाणं म्हणजे बेअदबी.

किशनराव तिथं अहलकार, म्हणजे कारकून. वैशाखात बाकीचे दुपारी गळे मोकळे करून वारा घेत, हे नाही. शेजारचे दिनकरराव चिडवत, "राव, ही गुंडी काय जन्मताच लावून आलात?" साहेब मात्र म्हणत, "अदब शिका यांच्याकडून."

अदब कसली! किशनरावांचे हात कापायचे. मनगट मेजावर दाबून धरलं की लिहिणं निभायचं. खालच्या पाचजणी ते कशाबशा लावीत, पण गळ्याच्या बारीक काजातून मला ओवणं जमत नव्हतं. एकदा काढलं तर पुन्हा कोण लावणार? आणि कंप साहेबाच्या नजरेस पडला, की नोकरी गेलीच.

रोज सकाळी त्यांच्या पत्नी पार्वतीबाई मला लावीत. "मान वर करा की. सायबाम्होरं खाली असतीच, माझ्याम्होरं तरी वर ऱ्हाऊ द्या." किशनराव तोवर आरशात टोपी बघत.

एका सकाळी त्या बाईंची बोटं मला निखाऱ्यासारखी लागली. दोनदा मी निसटले.

"आज घरी ऱ्हाता का?"

"गाडी यायलीय. लवकर लाव."

त्यांनी लावलं.

संध्याकाळी परतलो, तर अंगणात माणसं जमलेली. दुपारीच पार्वतीबाई तापात गेल्या होत्या.

अग्नी द्यायचा तर शेरवानी उतरवायला हवी. सून कडूबाई पुढं झाली. पाच गुंड्या निघाल्या. माझ्यापाशी येताच किशनरावांनी हात आडवा धरला.

"ही न्हाई. ही तिनं लावलीय."

सगळं खोळंबलं. शेवटी त्यांनीच मला मुठीत धरून ओढलं. दोरा तुटला.

कचेरीत ते पुन्हा गेले नाहीत. रोज सुनेपुढं मान वर करून उभं राहणं त्यांच्यानं झालं नाही. साहेबाचे निरोप आले, मग तेही थांबले. मी पार्वतीबाईंच्या कुंकवाच्या करंड्यात पडून आहे.

मित्रांनो, तुमची गुंडी रोज कुणी लावत असेल, तर तेवढा वेळ आरशात बघू नका. त्या बोटांना हात लावून बघा. मला तेव्हा चटका बसला होता. पण मी पितळेची, सांगणार कशी?