मधला टेकू

बागेतला जुना पोहण्याचा तलाव पाडून नवा बांधावा म्हणून आत्याने साऱ्या नगरपालिकेच्या नाकी नऊ आणले होते. आत्या म्हणजे बागेसमोर शिवणकामाचं दुकान चालवणारी बाई. भावाची मुलं आत्या म्हणत, म्हणून सगळी गल्लीही म्हणे. गुडघे तिचे कधीच कामातून गेलेले. दुकानातून घरी जाताना वाटेत कुणाच्या तरी पायरीवर टेकल्याशिवाय तिचं भागत नसे. पण एकदा पाण्यात शिरली की गुडघे कुणाचे आणि दुखणं कुणाचं. दिवसात तेवढाच वेळ तिला काही दुखत नसे. तलाव बुजवून तिथे वाहनतळ करायचं घाटत होतं, तेव्हा भर सभेत उठून तिने सुनावलं होतं, "गाड्या कुठेही उभ्या राहतील. मी कुठे पोहू?"

तसा जुना तलाव पार खिळखिळा झाला होता. टाइल्स निघालेल्या, पाणी गळतंय आणि मधोमध तळ फुगून वर आलेला. या उंचवट्याला सकाळची मंडळी 'टेकू' म्हणत. पोहत मध्यावर यायचं, टेकूवर पाय ठेवायचा, दम खायचा, कालच्या उरलेल्या गप्पा संपवायच्या आणि पुढे निघायचं. हे इतकी वर्षं चाललं होतं की आपण मध्ये उभे राहतो हे कुणाच्या ध्यानातही उरलं नव्हतं. विचाराल तर जो तो छाती पुढे काढून सांगे, "आम्ही रोज अख्खा तलाव पार करतो."

शेवटी एकदाचं गंगेत घोडं न्हालं. नवा तलाव तयार झाला. निळाशार, सपाट तळाचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत डोक्यावरून पाणी. त्यामुळे नियमही नवा आला: कुठेही पाय न टेकता, कशालाही न धरता जो हे टोक ते टोक जाईल, त्यालाच पास.

"हात्तिच्या," आत्या म्हणाली.

चाचणीला पहिले उतरले निवृत्त पोस्टमन. मध्यावर आले, सवयीने उभे राहिले आणि टोपीसकट दिसेनासे झाले. त्यांना बाहेर काढतात न काढतात तोच न्हावीही त्याच जागी खाली गेला. "पुरुषांना मेला धीरच नाही," म्हणत आत्या उतरली. झोकात निघाली. बरोबर मध्यावर तिचा पाय खाली गेला, आणि खाली काहीच नव्हतं. नाकातोंडात पाणी शिरलं. जीवरक्षक बाईने दंडाला धरून तिला काठावर आणलं.

"सगळे तिथेच का बुडताय?" बाईने विचारलं. "आहे काय तिथे?"

काय नाही, ते सगळ्यांना कळून चुकलं होतं.

घरी भावाने संधी सोडली नाही. "भांडभांड भांडून तलाव आणलास, ताई, आणि तूच दाराबाहेर."

एरवी आत्याने त्याला पुरून उरणारं उत्तर दिलं असतं. त्या दिवशी ती दुकानात एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावून बसली. तिला मनापासून भीती वाटत होती, पण बुडण्याची नव्हे. आता उरलेलं आयुष्य या गुडघ्यांबरोबर काढायचं आणि त्यात घटकाभराचीही सुटका नाही, याची.

दुसऱ्या दिवशी ती जीवरक्षक बाईसमोर जाऊन उभी राहिली. "मला मध्ये टेकायची सवय आहे. या वयात ती कशी सोडू?"

"सोडू नका. टेका, पण पाण्यावर. पाठीवर पडायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा वळायचं."

"पाठीवर पडल्यावर पुढचं दिसणार कसं?"

"नाही दिसणार."

जन्मभर माप बघून कापड कापणाऱ्या बाईला हे कसं मानवावं? काठाजवळ सराव करताना ती पाठीवर पडली की अंग ताठ करी आणि पाय शिसं भरल्यासारखे खाली जात. चार शब्द सुनवावेत असं तिच्या ओठांवर येई, पण पाण्यात राहून माशाशी वैर नको म्हणून ती गिळून टाकी आणि पुन्हा पडे. एका सकाळी दमून तिने मान सैल सोडली. कान पाण्यात गेले, जग गप्प झालं आणि पाण्याने तिला उचलून धरलं. आत्याला रडू आलं. पाण्यात कोण बघतंय म्हणून तिने ते येऊ दिलं.

फेरचाचणीला सगळी गल्ली काठावर होती. आत्या निघाली. मध्यावर तिचा पाय आपण होऊन तळ शोधायला निघाला. "गप बैस," ती पायाला म्हणाली आणि पाठीवर वळली. हालचाल थांबलेली पाहून भावाच्या तोंडचं पाणी पळालं.

"ताई!"

"ओरडू नकोस, दम खातेय," आडवी पडल्या पडल्या आत्या म्हणाली. मग सावकाश पालथी झाली आणि हात मारत गेली ती थेट समोरच्या भिंतीला हात लागेपर्यंत. काठावर एकच गलका झाला. पोस्टमन तर स्वतःच पास झाल्यासारखे टाळ्या वाजवत होते.

जीवरक्षक बाईने हात पुढे केला. "झालं, आत्या. पास. या वर."

आत्याने धापा टाकत मागे पाहिलं. तिच्या चपला नि टॉवेल पलीकडच्या टोकाला होते.

"एवढं लांब चालत कोण जाणार?" ती म्हणाली आणि भिंतीला पाय लावून परत निघाली.