बंडीच्या खिशातलं पाकीट

आसाराम तसा वाईट माणूस नव्हता हो, भित्रा होता. पण शेजारी बसलेल्या वत्सलाचा प्लास्टरमधला हात बघितला की ही सबब त्याची त्यालाच पटेना. बीडच्या दवाखान्यात बाकावर बसून नंबर यायची वाट बघत होते दोघं. बायकोकडं मान वर करून बघायची त्याची छाती होत नव्हती.

चार वर्षांमागं वत्सलाची गर्भपिशवी काढली. वय काय तर बत्तीस! पाळीच्या दुखण्यानं दर महिन्याला खाडे पडायचे, आणि ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायको बसली की कोयताच बसला. "समद्याच बाया काढत्यात, तूबी काढून टाक," असं आसारामच म्हणाला होता. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली आणि तरण्याताठ्या बाईला म्हातारपण आलं. दिवसातून दहादा अंगातून वाफा निघायच्या, कानशिलं तापायची, ऐन थंडीत अंगावरचं पातळ घामानं चिंब व्हायचं. झोप तर उडालीच होती.

यंदा गणपतीत गावाहून, चकलांब्याहून, तिला बीडला डॉक्टर मंजुषा मॅडमकडं आणलं. वत्सलाच्या पायात मागं एकदा रक्ताची गाठ झालती, म्हणून हार्मोनच्या गोळ्या नकोत, दुसरी देते, असं मॅडम म्हणाल्या. त्या सगळं नीट समजावून सांगत होत्या तेव्हा आमचे आसारामराव बाहेर टपरीवर चहा ढोसत होते. पण गोळीला गुण आला. महिन्याभरात वाफा निम्म्यावर आल्या. वत्सला भाकरी थापताना गुणगुणायला लागली, आणि ते ऐकून आसारामलाही बरं वाटायचं.

दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी फडावर गेली आणि तिथं माशी शिंकली. टोळीतला तानाजी, नको तिथं नाक खुपसणारा गडी. त्यानं गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव मोबाइलमध्ये टाकलं आणि डोळे मोठे केले.

"आसाराम बे, ही तर डोक्याच्या बिमारीची गोळी हाय! वयनी येडी झाली का काय? मुकादमाला कळू दिऊ नको. येडी बाई कोण ठिवतंय टोळीत?"

झालं! पाचटाच्या झोपडीत, कोपीत येऊन आसारामनं वत्सलाला दरडावून विचारलं, "ही गोळी कशाची हाय?"

"आवं, वाफांची. मॅडमनी तसंच सांगितलंय."

पण बायकोचं ऐकेल तो नवरा कसला? मोबाइल तेवढा शहाणा! दुसऱ्या दिवशी तो तिला म्हणाला, "म्या मॅडमला फोन केलता. बास म्हणल्या त्या. कोर्स संपला." फोन बिन काही केला नव्हता. पाकीट फेकायला मात्र हात धजेना, म्हणून बंडीच्या आतल्या खिशात कोंबलं.

दोन-तीन दिवसांतच वत्सलाला गरगरायला लागलं. डोक्यात करंट लागल्यावानी होतंय म्हणायची. उगाच रडायची, वाफाही परत सुरू झाल्या. आसारामला सगळं दिसत होतं. पण आज सांगू, उद्या सांगू करत तो गप्प राहिला. सहाव्या दिवशी डोक्यावर मोळी घेऊन ती फळीवरून ट्रकवर चढत होती. मध्येच भोवळ आली आणि मोळीसकट खाली आदळली. हात मोडला. तो जुळवून प्लास्टर घातलं आणि दोघं फड सोडून माघारी बीडला मॅडमकडं आले.

नंबर लागला. मॅडमनी प्लास्टर बघितलं, सगळी हकीकत ऐकली आणि विचारलं, "गोळ्या चालू होत्या ना?"

आसाराम काही बोलायच्या आत वत्सलाच बोलली, "न्हाई मॅडम. म्याच बंद केल्या. ध्यान ऱ्हायलं न्हाई."

मॅडमनी कागदावर तसं लिहिलं आणि तिला चांगलंच फैलावर घेतलं. "अहो बाई, समजावलं होतं ना तुम्हाला? मेंदूत सेरोटोनिन म्हणून एक पदार्थ असतो. एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवतो. निरोप पोचला की पहिली पेशी तो परत ओढून घेते. ही गोळी ते ओढणं कमी करते, म्हणून तो जास्त वेळ टिकतो. उदास माणसाला देतात, फार घाबरणाऱ्यालाही देतात. आणि वाफा येणाऱ्या बायकांना देऊन अभ्यास झालेत, त्यांच्या वाफा कमी झाल्यात. नेमकं कशानं, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. पण एकदम सोडली की चक्कर येते, डोक्यात झटके बसतात. मला विचारून हळूहळू कमी करायची असते."

"काही लोक येड्याची गोळी म्हणत्यात," आसाराम कसाबसा पुटपुटला.

"म्हणू द्या. उदास माणूस तरी वेडा असतो का हो?"

वत्सला मुकाट्यानं बोलणी खात होती. आसारामला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

"बंडी धुताना पाकीट घावलं की."

"मग कावून बोलली न्हाईस?"

वत्सलानं पदरानं कपाळ पुसलं. तिच्या आवाजात राग नव्हता. "पिशवी काढताना तरी कुठं बोलले व्हते?"

आसाराम वळला आणि नंबर नसताना तसाच मॅडमच्या खोलीत शिरला. मॅडम दुसऱ्या पेशंटला तपासत होत्या, त्यांनी वैतागून वर बघितलं.

"मॅडम, बायकोनं गोळ्या बंद केल्या असं लिवलंय ना, ते खोडा. म्या बंद केल्या. तिला खोटं सांगून."

मॅडमनी कागद काढला, ती ओळ खोडली, नवीन लिहिली. आसाराम हलला नाही.

"आता काय?"

"चार वर्सांमागं तिची पिशवी काढली," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. "तीबी म्याच काढाय लावली, मॅडम. ते कुठं लिवायचं?"