आबांच्या अंगावरची चुनी

"हात काढ. हऱ्या, हात काढ म्हनायले न्हाई का! एक ठिऊन दीन बरं!"

हरिओमनं हात काढला नाही. पोर तीन वर्षांचं, पण गुडघ्यामागच्या लवणीत नखं अशी रुतवून बसलं होतं की पुनमला एकेक बोट धरून सोडवावं लागलं. नखं कालच कापलेली, पार मुळापासून. तरी बोटांच्या शेंड्याला लाल लागलेलंच.

त्याला इसब होतं. सहा महिन्यांचा असताना गालावर दोन चट्टे उठले, आणि मान, कोपरं, घोटे करत करत सगळ्या अंगावर पसरले. आई सकाळीच चार घरच्या पोळ्या लाटायला बाहेर पडायची. आबा लातुरातच एका डाळमिलमध्ये हमाल. मग पोराकडं बघायला राहिली कोण? त्याची थोरली बहीण, पुनम. तिची शाळा नववीत सुटली होती. सुटली म्हणजे काय, गणिताच्या सरांनी वही तिच्या तोंडावर फेकली, तिनं तीच वही सरांच्या तोंडावर फेकली. आई म्हणाली, "बरं झालं. आता पोरगं सांभाळ."

कुठल्याच सरांचं ऐकलं नाही असं पुनमनं कातडीच्या डॉक्टरीणबाईंचं ऐकलं. कोमट पाण्यात पाच मिनिटं, जास्त नाही. घासायचं नाही, नुसतं टिपायचं. टिपल्यावर तीन मिनिटांच्या आत सगळ्या अंगाला मलम. लई पेटलं असेल तिथं मलमावर ओली सुती पट्टी आणि तिच्यावर कोरडी. ती मोबाइलवर टायमर लावायची. बोअरचं पाणी खारं, त्यानं अंग आणखी तडतडायचं, म्हणून त्याच्या आंघोळीला फिल्टरचा जार. मोठी माणसं बोअरचं प्यायची आणि हऱ्या फिल्टरच्या पाण्यात बसायचा.

शेजारच्या गौसियाआपा शिलाई मशीन सोडून भिंतीशी यायच्या. "झाली का नवाबसाहेबाची आंघोळ? अत्तर द्यू का?"

"अत्तर नगं आपा, पट्ट्या द्या. कालच्या सगळ्या रगतानं भरल्या."

आपा आत जायच्या आणि धुऊन धुऊन मऊ झालेली एखादी सुती ओढणी टरकन फाडून आणायच्या.

एवढं करून पोर तसंच. चार दिवस बरं, पाचव्या दिवशी पुन्हा पेटलेलं. पुनमचं डोकं फिरायचं ते ह्याच्यानं. कुणी मारून पळून गेलं तर त्याच्या मागं धावता तरी येतं. हितं धावायचं कुणाच्या मागं? एकदा तो खाजवता खाजवता थांबेचना, तेव्हा तिनं त्याच्या हातावर चापट मारली. तो रडला नाही. तिच्याकडं बघत बघत दुसऱ्या हातानं खाजवायला लागला. मग तीच चुलीमागं जाऊन रडली. त्या दिवशी तिनं ठरवलं, ह्याला कायतरी कारण असणार, आणि ते मी हुडकून काढणार.

नजर तिची लहानपणापासून बारीक. कुणी साडी उलटी नेसलीय, कुणाच्या चपलेचा अंगठा शिवलाय, सगळं तिला आधी दिसायचं. हे पण दिसलं.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला आबा यायचे. दारात चप्पल वाजली की हऱ्या धावत जायचा आणि त्यांच्याकडं पाठ करून उभा राहायचा.

"काय माल हाय?" आबा विचारायचे.

"तूल!"

"किती किलो?"

"शंबल!"

"आगं माय माय, कंबरडं मोडतंय आता." आबा कण्हत कुंथत त्याला पोत्यासारखा खांद्यावर घ्यायचे, गल्लीत एक चक्कर मारायचे आणि बाजेवर आणून थप्पी लावायचे. दिवसभर किरकिरणारं पोर तेवढं खदाखदा हसायचं. आबा पण दिवसात तेवढंच हसायचे. मग हऱ्या त्यांच्या मानेत उजवा गाल घालून पडून राहायचा.

उजवा गाल. पुनमला ते तिथंच दिसलं. डाव्यापेक्षा उजवा जास्त लाल होता.

आणि आबांच्या मानेवर काय होतं? चुनी. तूर भरडताना जो बारीक पिवळट भुगा उडतो, जनावराच्या आंबोणात घालतात तो. फेब्रुवारीचा महिना, मिल जोरात चाललेली. आबांच्या भुवया पिवळ्या, कान पिवळे, घामाच्या घड्यांत चुनीच्या रेघा. पुनमनं कॅलेंडर काढलं आणि ज्या दिवशी पोर पेटलं त्या दिवसावर लाल पेनानं ठिपका द्यायला सुरुवात केली. रविवारी मिल बंद, सोमवार बऱ्यापैकी कोरा. मंगळवारपासून ठिपकेच ठिपके. तीन आठवडे तिनं कुणाला सांगितलं नाही. मग एका संध्याकाळी आबा जेवायला बसलेले असताना कॅलेंडर आणून ताटाशेजारी आपटलं.

"आबा, हे तुमच्यामुळं हाय."

"काय माझ्यामुळं?"

"ह्याची खाज. अंगावर चुनी घिऊन येता आन् तशीच त्याला लावता. बघा, रविवारी मिल बंद, तर सोमवार कोरा हाय का न्हाई?"

"बापाला आसं बोलतेत का गं?" आई म्हणाली.

आबा घास हातात धरून कॅलेंडर बघत बसले. त्यांना वाचायला बेताचंच यायचं, पण ठिपक्यांना काय वाचायचंय? "खरंच की," ते म्हणाले. "मी म्हनलं, पोराचे लाड करायलो."

दुसऱ्या दिवसापासून आबा मिलच्या नळावर आंघोळ करून, कापडं बदलून यायला लागले. मुकादम व्यंकटी त्यांना सगळ्यांसमोर चिडवायचा, "भुजंगा, हळद लागली का रं तुला? रोज न्हाऊन धुऊन चाललास!" आबा ते घरी येऊन सांगायचे आणि पोराला घ्यायला हात पुढं करायचे. आठवडाभर ठिपके तरीही पडले.

"चुनी कातडीत मुरलीय," पुनम म्हणाली. "तुमी त्याला हातच लावू नका."

आबांनी हात मागं घेतले. पण हऱ्याला कोण सांगणार? तो चप्पल वाजली की धावायचा. मग पुनम त्याला मधेच धरायची, डोळे मोठे करायची आणि आपलेच हात खराखरा खाजवून दाखवायची. "आबा खाज! आबाकडं गेलं की खाज! बाऊ हुतो!" चार दिवसांत पोर शिकलं. पाचव्या दिवशी चप्पल वाजली तसं ते तिच्याच मागं लपलं. "आबा खाद," म्हणालं. आबा दारातूनच हसले आणि डबा तिथंच ठेवला.

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंची तारीख होती. त्यांनी एक नवी ट्यूब लिहून दिली. दोन आठवडे लावायची, मग हळूहळू कमी करत आणायची. पुनमनं तीही टायमर लावून लावली.

आणि पोर उतरलं. खरंच उतरलं. मानेवरची सालटं गेली, कोपरं मऊ झाली, खाली गोरीगोरी कातडी निघाली. गौसियाआपांनी भिंतीवरून हात घालून त्याचा गाल चिमटीत धरला. "या अल्ला, कसं चिकनं झालं गे! पुनम, तू तर हकीमच निघालीस."

पुनमची छाती फुगली. सगळ्या शाळेला ओरडून सांगावंसं वाटलं, बघा म्हणावं, नववीत शाळा सुटलेल्या पोरीनं काय हुडकलं.

आबा आता मिलच्या ओसरीतच झोपायला लागले होते. कुणी सांगितलं नव्हतं. "उगं वारं लागायला नगं त्याला," म्हणाले आणि वळकटी घेऊन गेले. आई सकाळी डबा भरायची आणि पुनमपुढं सरकवायची. "तूच नेऊन दे. मला न्हाई बघवत त्यांच्याकडं." पुनम तो मिलच्या फाटकावर देऊन तशीच परत फिरायची.

मार्च संपत आला. आबा मिलमध्ये राहायला जाऊन अठरा दिवस झाले होते. सकाळी पुनमनं हऱ्याचा सदरा काढायला घेतला तर निघेना. पाठीला चिकटला होता. ओला करून सोडवला तर खाली सगळी पाठ लाल आणि पाझरत होती. पोटावर, मांड्यांवर, पापण्यांवर सुद्धा. एवढं तर कधीच झालं नव्हतं. हऱ्या रडत नव्हता, नुसता थरथर कापत होता.

तिनं त्याला पंच्यात गुंडाळून दवाखान्यात नेलं.

"हा आजार असाच येतो, जातो," डॉक्टरीणबाई पाठ बघता बघता म्हणाल्या. "ट्यूब कमी केली की कधी कधी उसळतो. काही नवीन झालं का घरात?"

"न्हाई. आबाला तर मीच घराबाहेर काढलंय. त्यांच्या अंगावरच्या चुनीनं हुतंय म्हनून. आठरा दिस झाले."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. "अगं, धुळीनं खाज वाढते, हे खरंय. पण आंघोळ करून कपडे बदलले की झालं. हा आजार त्यानं होत नाही. वडलांना जवळ घेऊ दे त्याला."

"मग ते तीन आठवडे कसं बरं वाटलं?"

"ट्यूबनं."

घरी येऊन पुनमनं कॅलेंडर काढलं. आबांना हात लावू नका म्हटलं तो दिवस आणि नवी ट्यूब आणली तो दिवस, मध्ये दोनच चौकोन. पेटलेल्या दिवसांवर तिनं ठिपके दिले होते. ट्यूब आणल्याचं कुठंच लिहिलं नव्हतं. आणि सोमवारी पोर बरं असायचं, ते रविवारी आई घरी असायची म्हणून, त्याच्यामागं दोघी असायच्या, नखं लागू द्यायच्या नाहीत, हे तिच्या बारीक नजरेला दिसलंच नव्हतं. तिनं कॅलेंडर फाडलं. फाडून पण बरं वाटलं नाही.

दुपारी हऱ्याला आपांकडं ठेवून ती मिलवर गेली. आबा नळावर होते. उकिडवे बसून कपडे धुवायच्या पावडरीनं हात घासत होते, नारळाच्या काथ्यानं. कोपरापर्यंतची कातडी सोलल्यासारखी झाली होती.

"हे काय करायलाव आबा?"

"काय न्हाई. निघतीय का बगायलो."

"दिवसातनं चारदा घासतोय," व्यंकटी मुकादम वजनकाट्यापासून ओरडला. "म्हनलं, भुजंगा, कातडी उतरवून खुंटीला लाव, मंजी पोराकडं जाता येतंय." हमाल हसले. मग पुनमचं तोंड बघून पोती उचलायला लागले.

"आबा, घरी चला. डाक्टरीनबाई म्हनल्या, तुमच्यानं न्हाई होत. मी चुकले."

"मग बरं कसं झालं ते?"

"ट्यूबनं. त्याच आठवड्यात ट्यूब आनली व्हती. माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

आबांनी हातावर पाणी घेतलं. "तू चुकत न्हाईस माय. तुझी नजर बारीक हाय."

"चुकले म्हनते न्हाई का!" ती एवढ्या जोरात ओरडली की काट्यावरचा माणूस मागं वळला. "तो परत पेटलाय. तुमी नसताना पेटलाय. उठा!"

परत पेटलाय म्हटल्यावर आबा उठले. तिथं पुन्हा आंघोळ केली, व्यंकटीकडून धुतलेला सदरा मागून घातला. वाटेत एकदाच विचारलं, "लई हाय का?"

"लई हाय."

घरात आई आली होती. हऱ्या तिच्या मांडीवर, अंगभर ओल्या पट्ट्या, सुजलेल्या पापण्यांतनं बघत. आबा उंबऱ्याच्या आत आले, खाली बसले आणि सोललेले हात हळूच पुढं केले.

हऱ्यानं त्यांना बघितलं आणि किंकाळी फोडली. "खाद! खाद! आबा खाद!" आईच्या मांडीवरून घसरत, पट्ट्या सोडत, तो पुनमकडं आला आणि तिच्या पायाला घट्ट चिकटला. तिथंच उभ्या उभ्या दोन्ही हातांनी मान ओरबाडायला लागला.

"हऱ्या, न्हाई रं, आबा चांगले हाईत. बघ, मी हात लावते. बघ, कुठं खाज?" पुनमनं आबांचा हात आपल्या गालाला लावला. पोर आणखी किंचाळलं. मानेवर रक्त आलं.

आबांनी हात काढून घेतला. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, नवल पण नव्हतं. मिलमध्ये काट्यावर वजन बरोबर भरलं की मान हलवतात तशी मान हलवली.

"बघ," ते म्हणाले. "त्याला कळतंय. लेकराचं लेकराला कळतंय."

"मीच शिकिवलंय त्याला ते!"

"आसू दे. घे त्याला." आबा उठून दाराकडं वळले.

"आगं, थांबीव त्यांला," आई म्हणाली. पण थांबवायचं कसं? पुनमच्या पायाला पोर होतं. त्याचे हात धरले तर ते आणखी ओरडत होतं, सोडले तर सोलत होतं. ती धरत राहिली. आबा गेले.

त्यानंतर आबा रोज संध्याकाळी येतात. घरात येत नाहीत. गल्लीच्या तोंडाशी थांबतात, एक बोट वर करून वारं कुठलं हाय ते बघतात. पूर्वी गावाकडं खळ्यावर रास उपणताना बघायचे तसं. वारं घराकडं असेल तर गल्लीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहतात, जिथनं त्यांच्या अंगावरचं काही उडालं तरी घराकडं येणार नाही. पुनमनं लई भांडून बघितलं. ओरडली, पाया पडली. "चुनी न्हाई हो ती आबा," म्हणाली. ते म्हणाले, "बरं बरं." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट वर केलं.

तिथनंच विचारतात, "झोपलं का गं?"

आत हऱ्या पुनमच्या मांडीवर जागा असतो. एक हात तिच्या मुठीत, दुसरा पट्टीखाली खरखर चाललेला.

"झोपलं," पुनम आतनं ओरडते.

"खाजवतंय का?"

"न्हाई."

"बरं," आबा म्हणतात, आणि वारं फिरलंय का बघत थोडा वेळ आणखी उभे राहतात.